सीटखालचा स्विच

रबराची काळी टोपी, हरभऱ्याएवढी, तळहातावर पडून होती... स्विचच्या दांडीवर बसवायची राहून गेलेली. एवढंच राहिलं, शरणबसवच्या मनात आलं, बाकी काम चोख झालं. सोळा वर्षं अक्कलकोट रोडवर गाड्यांची वायरिंग करत आलेल्या माणसाचं काम होतं ते. इंद्रजीतच्या गाडीतल्या टर्बोनं इंजिनात किती दाबानं हवा कोंबायची, हे ठरवणारी इलेक्ट्रॉनिक डबी त्यानंच डॅशबोर्डखाली बसवली होती, आणि डबीतून निघालेली एक वायर स्टिअरिंगवरच्या बटणापर्यंत नेली होती. बटण दाबलं नाही तर गाडी साधी, चारचौघांसारखी. दाबलं की डबीला खूण मिळायची, दाब दीडपट व्हायचा आणि गाडी पाठीत रट्टा घालून सुटायची. पहिल्यांदा तपासायला बाहेर काढली तेव्हा तो स्वतःच हसला होता – मोठ्यानं, गाडीत एकटाच – आणि आरशात दिसलेला माणूस त्याला आवडला नव्हता.

म्हणूनच कदाचित, गेल्या आठवड्यात मायाक्का आली तेव्हा त्याला नाही म्हणता आलं नाही. इंद्रजीतची आई. मूळची सांगोल्याकडची, आता शुक्रवार पेठेत लेकाजवळ राहणारी. बाकावर बसली नाही, दारातच उभी राहिली.

"बटान दाबलं की त्येचं त्वांड बदलतंय," ती म्हणाली. "माजंच प्वार, पर वळखू येत न्हाय. तेवडं बंद करून टाका. त्याला कळू देऊ नगा."

इंद्रजीतनं परवा गाडी ऑइल बदलायला आणली, तेव्हा शरणबसवनं ते केलं. बटणाकडून डबीकडे जाणारी वायर मधेच तोडून सीटखाली एक चोरटा स्विच टाकला आणि तो बंद करून ठेवला. बटण मेलं. पण बटणातला लाल दिवा? तो लागला नाही तर इंद्रजीत तासाभरात परत येईल. मग त्यानं दिव्याला वेगळी वायर दिली – बटण दाबलं की दिवा लागणार, डबीला मात्र काही कळणार नाही. ही युक्ती सुचली तेव्हा स्वतःवर किती खूश झाला होता तो...

साडेअकराला मायाक्काचा फोन आला.

"गेली बगा दोगं सांगोल्याला. माज्या भावाची डाळिंबाची बाग बघाया. सूनबाई बी हाय संगं. आज मी लई निवांत हाय."

शरणबसवनं फोन ठेवला, आणि सांगोल्याचा रस्ता त्याच्या डोळ्यांपुढं आला. मोकळ्या रस्त्यावर ते बटण कोण दाबतं? माणूस ते दाबतो ट्रकच्या बरोबरीला आल्यावर, समोरून कुणी येताना दिसल्यावर, जेव्हा मागं फिरायची वेळ निघून गेलेली असते – तेव्हा अंगठा त्या बटणावर जातो, दिवा लागतो, आणि दिवा लागला म्हणजे जोर येणार हे त्याच्या अंगाला ठाऊक असतं. जोर येणार नाही. मी इंद्रजीतच्या हातातून बटण काढून घेतलं नाही, फक्त ते खोटं केलं. मेलेलं दिसलं असतं तरी चाललं असतं. माझा दिवा... माझा शहाणपणा.

त्यानं इंद्रजीतला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. पुन्हा लावला. चौथ्यांदा, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्यानं मायाक्काला लावला, सूनबाईंचा, आरोहीचा, नंबर मागितला.

"मला कुटं वाचता येतंय? आरोहीनंच घातलाय फोनात." मग तिलाच शंका आली. "का वो? मी सांगितलं तेवडंच केलंय न्हवं तुमी?"

"व्हय," तो म्हणाला. "तेवढंच."

गॅरेजचं शटर ओढून तो मोटारसायकलवर बसला. सगळं शहर ओलांडून मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागला, आणि पलीकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर, यानं पुढं काही पाहिलंय का, हे शोधत राहिला. कुणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. एकजण तंबाखू मळत होता. तिऱ्ह्याचा पूल ओलांडल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली. आपण कशाच्या मागं धावतोय? ते तासभर पुढं गेलेले. पोचून तरी काय, पोचलो तर काय बघायला... टँकरमागून टँकर जात होते, प्रत्येकाच्या वाऱ्यानं शर्ट अंगाला चिकटत होता. आरोहीला त्यानं एकदाच पाहिलं होतं, गॅरेजच्या दारात, हातात उसाच्या रसाचा ग्लास. तोच ग्लास आता मनात सारखा फुटत होता.

फोन वाजला. इंद्रजीत.

"शरणअण्णा, बटण गेलंय की ओ," आवाज कापत होता. "टँकरच्या पुढं घालत होतो. समोरनं एसटी. दाबलं, दिवा लागला, आणि गाडी ओढंचना. शेवटी घातली रस्त्याखाली, बाभळीत."

"लागलं काय कुणाला?"

"न्हाय. काच गेली. आरोही बोलंना झालीय, नुसती बसलीय." मग त्यानंच कारण शोधून दिलं. "वायर सुटली असंल, नव्हं अण्णा? हादऱ्यानं सुटती कधी कधी."

व्हय, सुटली असंल – एवढंच म्हणायचं होतं. तोंडात तयार होतं ते, गाडीसकट सगळं पुन्हा जागेवर बसवणारं. ती दोघं जिवंत होती, आता घाबरायचं काही कारण नव्हतं.

"सुटली न्हाय," तो म्हणाला. "मी तोडली. सीटखाली स्विच आहे बघ. दिवा मीच तसा ठेवला."

मग अगदी हळू, लहान मुलानं विचारावं तसं –

"कशापायी, अण्णा?"

मायाक्काचं नाव ओठापर्यंत आलं. त्यानं ते तिथंच धरून ठेवलं. किती वेळ धरता येईल हे त्याला माहीत नव्हतं. फोन कानाला तसाच होता, पलीकडचा माणूस वाट बघत होता, आणि जी भीती मघापर्यंत रस्त्यावर कुठंतरी पुढं पळत होती ती आता त्याच्या अगदी जवळ येऊन, अंगात शिरून, शांत बसली होती.