कोरड्या दिवसांचे पाणी

पाऊस पडेल त्या दिवशी विन्काच्या होडीत पाणी साचत नसे. आकाश निरभ्र असले आणि ऊन कडक पडले, की मात्र संध्याकाळपर्यंत तळात घोटा बुडेल इतके पाणी जमे. ते खारट असे.

विन्का पेरान हिने किनाऱ्यावरच्या शिबेनिक शहरातल्या शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले होते. दुसऱ्यांच्या होड्यांतून पाहुणीसारखे बसून फिरण्याचा कंटाळा आल्यावर, निवृत्तीनंतर समोरच्या बेटावर राहायला आलेल्या विन्काने स्वतःची होडी घेतली. जुनी, पण नेटकी. पांढरी, वर निळी कड. विकणारा ल्यूबो हा तिचाच जुना विद्यार्थी. त्याने तळाची आणि इंजिनाची वर्षभराची हमी दिली होती आणि ती सप्टेंबरअखेर संपणार होती. तोपर्यंत काय ते ठरवायला हवे होते: होडी परत करायची, की ज्या तळाचा भरवसा नाही अशा तळावर बसून एकटीने बाहेरच्या बेटांपर्यंत जायचे. परत करण्याची तिची अजिबात इच्छा नव्हती. बुडण्याचीही नव्हती.

"बाई, पावसाचं पाणी असेल," ल्यूबो फोनवर म्हणाला. "पावसाला हमी नसते."

"पाऊस आला की मी ताडपत्री ओढते. आणि पाऊस खारट कधीपासून पडायला लागला?"

"तुम्ही चव घेतलीत?"

"तू शाळेत असतास तर तुला घ्यायला लावली असती."

ल्यूबो होडी आपल्या आवारात घेऊन गेला. आठवडाभर ती त्याच्या धक्क्याला पाण्यात उभी राहिली आणि आतून खडखडीत कोरडी राहिली. बेटावर परत आणून बांधली, त्याच संध्याकाळी तिच्यात पाणी होते.

विन्काने विचार केला. तळाला एखादी बारीक चीर असावी. उन्हाने तापून ती उघडत असावी, रात्री गारव्याने मिटत असावी. ढगाळ दिवशी ती उघडतच नाही. उपपत्ती इतकी सुबक होती की विन्काला तिचा लगेच संशय आला. ल्यूबोच्या आवारात काय वेगळा सूर्य उगवत होता? उपपत्ती निकालात निघाली.

मग ल्यूबो स्वतः बेटावर आला. सकाळभर दोघे होडीत बसले. तळ कोरडा. बारा वाजून गेले तसा ल्यूबो घाम पुसत उठला.

"बाई, आता जेवायचं. या उन्हात मासेसुद्धा काम करत नाहीत."

विन्काच्या घरी भाजलेले बांगडे होते, लसूण घालून परतलेली पालेभाजी होती आणि पाणी मिसळलेली वाइन होती. त्यानंतर या किनाऱ्यावर जे होते तेच झाले: खिडक्यांची दारे लोटली गेली, गल्ली ओस पडली, ल्यूबो बाकावरच घोरू लागला आणि विन्काचाही डोळा लागला. उन्हे कलल्यावर दोघे धक्क्यावर आले. तळात पाणी हिंदकळत होते.

ल्यूबोने आधी पाण्याकडे आणि मग बाईंकडे पाहिले.

"बाई, रागावू नका. पण तुम्हीच तर ओतत नाही ना?"

"तू माझ्या समोर घोरत होतास."

"तेच म्हणतोय. मी घोरत होतो. तुमचं मला काय माहीत?"

हा तर्क बिनचूक होता, म्हणून विन्काला तो जास्तच झोंबला. अखेर ठरले: शुक्रवारी ल्यूबो फेरीबोटीने ट्रक घेऊन येईल, विन्का कागदावर सही करेल आणि होडी परत जाईल.

शेजारच्या जागेत येर्को बार्बाची होडी असे. बार्बा म्हणजे सगळ्या बंदराचा म्हातारा काका. त्याने साठ वर्षे मासे धरले होते. विन्काने त्याला गाठले.

"बार्बा, माझ्या होडीपाशी कोणी येतं का हो?"

"कोण येणार पोरी? मी असताना परका माणूस धक्क्यावर पाय ठेवेल?"

पासष्टीची पोर घरी परतली आणि तिने पिठाचा डबा काढला. गुरुवारी सकाळी तिने होडीच्या पुढच्या आच्छादनावर पिठाचा पातळ थर चाळणीने पसरला. पाणी तळातून येत असेल, तर वरचे पीठ जसेच्या तसे राहायला हवे. संध्याकाळी वर पीठ नव्हते. तळात मात्र खळ झाली होती. समुद्र खालून आत येतो. हा वरून आला होता.

शुक्रवारी विन्का जेवली नाही. जाळी ठेवायच्या खोपीआड, सावलीत, उलट्या पेटीवर ती बसून राहिली. बंदर झोपले. मग गंजीफ्रॉक आणि गवती टोपी घातलेला येर्को बार्बा दोरी बांधलेली बादली घेऊन आला. त्याने समुद्रातून बादलीमागून बादली पाणी ओढले आणि आपल्या होडीवर निगुतीने ओतले: आधी पुढे, मग काठांवर, मग आत. ते आटोपल्यावर एक पाऊल सरकून त्याने तोच क्रम विन्काच्या होडीवर सुरू केला.

"बार्बा! हे काय चाललंय?"

"दिसत नाही? पाणी घालतोय."

"माझ्या होडीत?"

"मग? माझी भिजवू आणि तुझी कोरडी टाकू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"तुम्ही तर म्हणालात, कोणी येत नाही!"

"येतं कोण? मीच तर असतो."

"अहो, ती फायबरची आहे. लाकडाची नाही."

बार्बाने वाकून बोटाने होडीच्या अंगावरची एक रेघ दाखवली. "आणि या फळ्या?"

"त्या फळ्या नाहीत. साच्यातच तशा रेघा पाडतात. शोभेसाठी."

"फळ्या नाहीत आणि फळ्यांच्या रेघा पाडतात?" बार्बाने बादली खाली ठेवली. "कुठल्या येड्यानं केली ही?"

एवढ्यात ट्रक येऊन थांबला. ल्यूबो कागद हलवत उतरला.

"बाई, सही करताय ना?"

"नाही. होडी राहतेय. आणि ल्यूबो, तुझ्या तळाला काही झालेलं नाही."

"मग पाणी?"

विन्काने त्याला पेटीवर बसवले आणि क्रमाने सांगितले. तळाला चीर नव्हती. कडक उन्हात लाकडी होडीच्या फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात, म्हणून येर्को बार्बा प्रत्येक कोरड्या दुपारी, सगळे झोपलेले असताना, आपल्या होडीवर समुद्राचे पाणी घालत असे. पावसाच्या दिवशी त्याची गरज नसे. शेजाऱ्याची होडी कोरडी ठेवणे या बंदरात माणुसकीला धरून नसल्याने तो विन्काच्या होडीवरही तितकेच पाणी घालत असे. फायबरच्या त्या होडीवर शोभेसाठी पाडलेल्या रेघा त्याने खऱ्या फळ्या समजल्या होत्या.