शिवप्पाचा बिनकलमी गुन्हा

"या साऱ्या जिल्ह्यात माझ्याइतका पापी माणूस न्हाई," असं शिवप्पाने येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, शेतातल्या भर पंगतीत उभं राहून जाहीर केलं.

"बसा. पाप्याला आंबील वाढायची हाय," त्याची बायको नीलम्मा म्हणाली.

लातूर जिल्हा वेगळा होऊन वर्षही झालं नव्हतं. तिथल्या पाप्यांची मोजदाद अजून व्हायची होती. त्यात पावसाने दगा दिलेला. कडबा नाही म्हणून पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोप आखूड झाली होती आणि आत पाची पांडवांचे चुना लावलेले दगड दाटीवाटीने बसले होते.

शिवप्पाचं दुखणं मात्र वेगळं होतं. औशाकडच्या त्याच्या शेताला लागून त्याचाच गवताळ माळ होता. तिथे दरसाल माळढोकाची मादी अंडं घालायला यायची. यंदा दोन पोती मूग जास्त होईल म्हणून त्याने तो माळ नांगरला. पाऊस आला नाही, मूग आला नाही. मादी मात्र आली. ढेकळांवर उभी राहिली, घर चुकलेल्या पाहुणीसारखी इकडेतिकडे बघत राहिली आणि चालत बांधापल्याड गेली. तेव्हापासून शिवप्पाला घास गोड लागेना.

येळवशीला कुणालाही शेतावर जेवायला बोलवावं अशी रीत. म्हणून त्याने वनखात्याच्या गार्डला, भुजंगरावांना, बोलावलं होतं. पोटभर जेवला की माणूस एखादं कलम लावील, ही आशा.

"पक्षी मारला का?" भुजंगरावांनी भाकरी मोडत विचारलं.

"न्हाई."

"अंडं फोडलं?"

"घालू कुठं दिलं?"

"मंग माळ कुणाचा?"

"माझाच की."

"मंग मिटलं. कायदा पक्ष्याला हाय, अप्पा. पक्षी ज्याच्यावर उभा ऱ्हातो त्या रानाला न्हाई."

"मंग त्यानं उभं ऱ्हायचं कशावर?"

भुजंगरावांनी भाकरीचा तुकडा येळवशीच्या मिसळ भाज्यांच्या भज्जीत बुडवला. "ते काय कायद्यात दिलेलं न्हाई बगा."

"थोडा दंड तरी करा."

"कराच भाऊ," नीलम्मा म्हणाली. "सहा म्हयने झाले, सवताबी झोपत न्हाईत, मलाबी झोपू देत न्हाईत."

"वैनी, सवताचं रान नांगरल्याची पावती कशी फाडू?"

शिक्षाच नाही म्हटल्यावर एवढं पाप ठेवावं कुठे, हे शिवप्पाला उमगेना. "माळ पडीक सोडतो," तो खालमानेने म्हणाला. "गवत येईल तसं येऊ द्या. ती परत यील का?"

"काय सांगावं." भुजंगरावांनी हात धुतले, उपरण्याला पुसले. "पर आली तर एवढं करा, अप्पा. नव्या जिल्ह्याचे साहेब माळढोक बघायचा म्हणून मागं लागलेत. तिला जरा दुपारपातुर थांबवून धरा. साहेब सकाळी उठत न्हाईत."