डावखुरी कात्री

लोक घरात सोफा घेतात, आम्ही फोटो घेतो. म्हणजे मी घेतो, आणि बायको पाहुण्यांना सांगते, "बसायला जागा नाही, पण बघायला भरपूर आहे."

मी शिंपी. दुकान आणि मागच्या दोन खोल्या मिळून माझ्याकडे सहा फोटो आहेत, सगळे एकाच बाईंनी काढलेले आणि त्यांनीच स्वतःच्या हातांनी कागदावर उतरवलेले. चादरी पिळणाऱ्या बायका, विटांच्या ढिगावर डुलकी काढणारा गवंडी, बाळंतपण उरकून पायरीवर टेकलेली सुईण. बाई आता त्र्याऐंशीच्या आहेत. जन्मभर त्यांनी कामावरची माणसंच टिपली. एका फोटोच्या दहाच प्रती, मागे पेन्सिलीने क्रमांक, आणि अकरावी कुणी कितीही गळ घातली तरी नाही, हा त्यांचा शब्द. दुसरा शब्द याहून पक्का: "समोर होतं तेच कागदावर. मी कुणाचं काही बदलत नाही."

मागच्या महिन्यात त्यांनी बोलावलं. "मास्तर, एका शिंप्याचा फोटो आहे. नऊ प्रती केव्हाच गेल्या. दहावी तुमच्यासाठी राखून ठेवलीय."

त्यांनी वरचा पातळ कागद उचलला आणि मी ओरडलोच, "अहो बाई, हे आमचे बाबा!"

चाळिशीतले बाबा. आज माझं वय आहे त्याहून लहान. कापडावर वाकलेले, हातात उघडी कात्री, मान वळवून कुठेतरी बघताहेत. मागे खुंटीवर तयार शर्ट. आमच्याकडे बाबांचा एकही धड फोटो नव्हता, लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांचे डोळे मिटलेले. मी तो फोटो छातीशी धरून घरी आणला आणि चप्पल काढायच्या आधी दुकानात खिळा ठोकला, खिडकी आणि माझं मशीन यांच्या मधोमध.

बायको जवळ आली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, बाबांनी उजव्या हातात कात्री कधीपासून धरली?"

बाबा पक्के डावखुरे. त्यांची खास बनवून घेतलेली कात्री अजून माझ्या खणात आहे. मी आधी बायकोवरच खेकसलो, मग भिंग घेऊन खुंटीवरचा शर्ट बघितला. पुरुषाचा शर्ट, आणि बटणं बायकांच्या बाजूला! बाबांनी दुकानाला कुलूप ठोकलं असतं, पण असा शर्ट शिवला नसता. काय झालं असेल ते लख्ख दिसलं. प्रिंट काढताना निगेटिव्ह उलटी बसली होती. आरशात दिसावं तसं सगळं इकडचं तिकडे झालं होतं.

"गप्प बसा हं," बायकोने बजावलं. "या वयात त्यांना हे सांगणार? त्या परत दार उघडायच्या नाहीत तुम्हाला."

मी तीन दिवस गप्प बसलो. माझ्यासारख्या माणसासाठी हे फार झालं. पण फोटो खिळ्यावर चढवायला हात धजेना. बाबांचे कान, बाबांचं कपाळ, आणि तरी बाबा नाहीत. सांगावं तर बाईंचा आयुष्यभराचा शब्द खोटा पडतो, न सांगावं तर मला मिळालेले वडील हातातून जातात. चौथ्या दिवशी फोटो गुंडाळला, बाबांची कात्री खिशात घातली आणि निघालो.

बाईंच्या नाकावर राग आलाच. "मी? उलटा?"

मी वाद घातला नाही. कापडाचा तुकडा आणि कात्री त्यांच्यापुढे ठेवली. "बाई, उजव्या हाताने कापून दाखवा."

त्यांनी कापायला घेतलं. कापड पात्यांमध्ये नुसतं दुमडलं. पुन्हा तेच. मग मी कात्री त्यांच्या डाव्या हातात दिली, तर पहिल्याच दाबाला कापड सर्रकन कापलं गेलं.

बाई उठल्या. कपाटातून जुनी निगेटिव्ह काढून खिडकीशी नेली, उजेडात धरली, उलटी करून पुन्हा धरली. आणि मग त्या हसायला लागल्या. खुर्चीत बसून, डोळे पुसत, खोकला येईपर्यंत हसल्या.

"पंचेचाळीस वर्षं, मास्तर! आठ घरं, एक म्युझियम, आणि एकाही शहाण्याला कळलं नाही! कुणाचं काही बदलत नाही म्हणते, आणि बिचाऱ्याचा हातच बदलून टाकला!"

"मग आता अकरावी प्रत?" मी घाबरत विचारलं.

"अकरावी नाही म्हणजे नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली प्रत घेतली आणि टरकन फाडली. "आता दहावी व्हायची राहिलीय. चला आत. बाकीच्यांना पत्र लिहीन, शिंपी सुलट हवा असेल तर जुना आणून द्या म्हणून."

लाल दिव्याखाली, पाण्यासारख्या औषधात पांढरा कागद डुलत होता. आधी कात्री उमटली. डाव्या हातात. मग मनगट, मग कान, मग बाबा. मला रडू आलं आणि त्याची मुळीच लाज वाटली नाही. बाईंनी माझ्या पाठीवर ओली बोटं ठेवली. "कात्री घेऊन आलात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या.

फोटो वाळून दुसऱ्या दिवशी हातात आला. फ्रेम करून त्याच खिळ्यावर टांगला आणि मी मशीनवर बसलो. एका कोटाची कॉलर अर्धी झाली होती. पाय चालू झाला, आणि मान वर केली तर बाबा माझ्याकडेच बघत होते. उलट्या फोटोत ते खिडकीकडे बघत बसले असते. सुलट झाल्यावर त्यांची नजर थेट माझ्या मशीनवर आली. हीच ती नजर. मी शिकत होतो तेव्हा बाबा कधी रागावले नाहीत, कधी शाबासकीही दिली नाही. कापता कापता मान वळवून माझ्या कामाकडे नुसतं बघायचे, आणि चूक कुठे आहे ते मला आपोआप कळायचं.

मी कॉलरकडे बघितलं. एका बाजूला दोन धाग्यांचा फरक होता. गिऱ्हाइकाला जन्मात कळला नसता.

"काय झालं?" बायकोने आतून विचारलं. "मशीन का थांबलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "बाबा आलेत." आणि हसत हसत सगळी कॉलर उसवायला घेतली.