झोळ नसलेलं शीड

इमामसाबची ताडपत्री ताणून बांधली की तिच्यावर कॅरम खेळावा, असं केम गावातले लोक म्हणत. चाळीस वर्षं त्यानं मांडव आणि ताडपत्र्या शिवल्या, पण कापडात झोळ म्हणून राहू दिला नाही. दुसऱ्याच्या मांडवात झोळ दिसला तरी गड्याचा घास कडू व्हायचा.

रावजीचं शीडही त्यानं तसंच शिवलं होतं. रावजी त्याचा शाळेपासूनचा दोस्त, उजनीच्या पाण्यात जाळी टाकणारा. यंदा त्याचा उजवा खांदा गेला आणि डॉक्टरांनी वल्हं बंद केलं. शिडावर होडी चालली तर ठेवायची, नाहीतर विकून पुण्याला पोराकडं जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. मासे विकून झाले की चार वाजता दोघांचा चहा ठरलेला. तो बंद होणार, या विचारानंच इमामसाबला कसंतरी व्हायचं.

शीड नेल्यावर आठवड्यानं रावजी ते डाव्या खांद्यावर टाकून दुकानात आला.

"दुपारच्या वाऱ्यात पळती रं. पर सकाळी जाळी काढायच्या वक्ताला नुसती झुळूक असती. तवा होडी जागची हलत न्हाय. उद्या गिऱ्हाईक येणार हाय बघायला."

"शिवणीत खोट हाय का?"

"खोट कसली? आरशावानी हाय की!"

पलीकडच्या मशिनवर चांदबी ब्लाऊज शिवत होती. बायकोच्या या कामाला इमामसाब गेली तीस वर्षं चिंध्यांचा खेळ म्हणत आला होता. तिनं उठून शीड फरशीवर पसरलं आणि वरून हात फिरवला.

"लई सपाट हाय. दांडगं वारं कशालाबी ढकलतंय. झुळूक वळून जायला कापडाला जरा पोट नगं का?"

"मग झोळ ठिवू व्हय?" इमामसाब उखडला.

"ब्लाऊजला टक घालते, त्यो काय झोळ असतो? टकाबिगर कापड अंगाला बसतं व्हय?"

रावजी उगाच रस्त्याकडं बघू लागला. इमामसाबनं वाकून शीड चाचपलं. बाई बोलली ते खरं होतं, आणि तेच त्याला झोंबलं.

चांदबीनं शिडाच्या काठीकडच्या कडेला चार टक आखले, कडेला रुंद आणि आत निमुळते होत गेलेले. जाड कापड तिच्या मशिनला झेपेना, म्हणून शिवायचं इमामसाबवर आलं. स्वतःच्या सरळ कापडाला चिमटे घेताना त्याचा जीव तुटत होता, पण त्यानं ते घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गप्प होतं. काठावरच्या बाभळीचं पानसुद्धा धड हलत नव्हतं. रावजीनं शीड चढवलं. ते क्षणभर लोंबलं, मग काठीच्या बाजूनं हळूच फुगलं आणि फुगलेलंच राहिलं. होडीच्या मागं पाण्यावर बारीक रेघ उमटली. वल्हं आत आडवं ठेवून रावजी डाव्या हातानं सुकाणू धरून जाळ्याकडं निघाला होता. काठावर उभा इमामसाब त्या रेघेकडं बघत राहिला.

इतक्यात गिऱ्हाईक आलं. कपाळावर हात धरून त्यानं होडी निरखली.

"होडी ब्येस हाय. पर शीड कुणी शिवलंय वो? झोळ पडलाय की!"

चाळीस वर्षांत हा शब्द इमामसाबच्या कापडाला कुणी लावला नव्हता.

"शिवलंय मी," इमामसाब म्हणाला, "पर झोळ माज्या बायकोनं घातलाय. आन् होडी विकायची न्हाय."