लोण्याशेजारची किल्ली

लिओनोरने फ्रिजचं दार उघडलं तशी गार पाण्याची धार तिच्या चपलांवर आली. आत दिवा लागला नाही. लोण्याच्या डबीशेजारी जॅनेलच्या गाडीची किल्ली निवांत पडली होती.

जॅनेलच्या, म्हणजे तिच्या नातीच्या, पहिल्यावहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग याच स्वयंपाकघरात चाललं होतं. लाकडी भिंतींत गिटार गोड वाजते म्हणे. फ्रिजची घरघर गाण्यात नको म्हणून तो बंद करायचा, आणि पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली आत ठेवायची, ही या गाणाऱ्यांची रीत. काल मात्र जॅनेल ढोलवाल्या ट्रॅव्हिसच्या गाडीतून हाफ मून बे गावाला गेली. तिला किल्ली लागलीच नाही, आणि फ्रिज रात्रभर बंदच राहिला.

लिओनोरने फ्रिज चालू करून फरशी पुसली, तेवढ्यात जॅनेल आली आणि दारातच थबकली.

"आजी... वरच्या कप्प्यातलं?"

"पाणी झालं त्याचं. गाडी आठवत नाही, फ्रिज आठवत नाही. गळ्यात गिटार आहे म्हणून ती तरी घरी येते!"

तिने डबा ओट्यावर ठेवला. झाकणावर तिच्या लेकीचं, ओडिलियाचं, अक्षर होतं: 'जर्दाळू. हात लावाल तर याद राखा.' जॅनेलच्या आईने तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात केलेलं आइस्क्रीम. दोन वर्षं ते झाकण कुणी उघडलं नव्हतं.

जॅनेल डब्यासमोर बसली. नऊ गाणी कोवळ्या उन्हासारखी झाली होती. दहावं आईचं. तेही तिला हसरंच हवं होतं. पण दर वेळी तिसऱ्या ओळीला ती गिटार खाली ठेवायची. आणि आज रेकॉर्डिंगचा शेवटचा दिवस.

"आता तर नाहीच जमायचं."

लिओनोरने दोन कप काढून डब्यातला केशरी रस ओतला.

"आजी, हे काय?"

"मग काय मोरीत ओतू? पी."

पहिल्याच घोटाला दोघींची तोंडं वाकडी झाली.

"अगं आई गं! किती आंबट!"

"साखरेला हात आखडायचा तिचा. स्वतःच्या लग्नातल्या केकलासुद्धा. पाहुणे तुकडे रुमालात लपवताहेत, आणि ही मिरवतेय, बघ आई, कणभर उरला नाही!"

जॅनेलला असा ठसका लागला की रस नाकात गेला. हसता हसताच तिने गिटार ओढली.

लिओनोरने फ्रिज बंद केला. कमरेची घराची किल्ली सोडून लोण्याशेजारी ठेवली. मग ओल्या चपला वाजतील म्हणून त्या काढून हातात धरल्या, आणि ती अनवाणी उभी राहिली.