सर्व्हर बंद नाही ठेवायचा

दिवाळीपासून उज्माचं डोकं तापलेलं होतं. अमरावतीच्या ज्या कंपनीत ती सर्व्हर सांभाळायची, तिथून संत्रावाल्यांच्या मोबाइलवर रोज पहाटे शेतीतज्ज्ञाचा फवारणीचा सल्ला जायचा. त्या सर्व्हरच्या लिनक्स कर्नलमध्ये भोक सापडलं होतं. कर्नल म्हणजे यंत्राचा राखणदार, कोणाला कुठवर जाऊ द्यायचं ते ठरवणारा. आता साध्या लॉगिनवाल्यालाही आत शिरून मालक होता येत होतं. आणि असं लॉगिन सूर्यभानजींनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, फवारणीच्या औषधांच्या दुकानदारांना प्रसादासारखं वाटलेलं!

"नवं कर्नल टाकू, सर्व्हर एकदा बंद करून चालू करू. तोवर दुकानदारायचे लॉगिन बंद," ती सांगून सांगून थकली.

"ऐन हंगामात?" सूर्यभानजींचं ठरलेलं उत्तर. "बोंबलतीन ना ते! तू काहून एवढी भेऊन राहिली? घरचेच लोक आहेत आपले."

घरचेच लोक! तिकडे मोर्शीला तिचे अब्बा, अब्दुल रहीम, प्रत्येक मेसेज लेकीनेच पाठवला म्हणून टपरीवर वाचून दाखवायचे. अख्खं गाव त्याबरहुकूम फवारायचं.

थंडी सरता सरता संत्र्याचा अंबिया बहार फुलला होता. त्या सकाळी ऑफिसात आल्या आल्या उज्माने पहाटेचा मेसेज पाहिला. औषध दुप्पट घ्या, असं त्यात होतं. सर्व्हरच्या नोंदी उघडल्या, तर मोतीराम दुकानदाराच्या लॉगिनवरून कोणीतरी त्याच भोकातून शिरलं होतं आणि तज्ज्ञाचा मजकूर बदलला होता. माल खपवायचा होता मेल्याला!

अब्बांनी फोन उचलला नाही. मग तिने कोणालाच विचारलं नाही. दुकानदारांचे लॉगिन तोडले, नवं कर्नल टाकलं, सर्व्हर बंद करून चालू केला आणि फवारू नका म्हणून मेसेज सोडला. चहा येईस्तोवर काम झालं. एवढ्याशा कामासाठी या माणसाने अख्खा हिवाळा घालवला होता!

"कोनाले विचारून बंद केला?" सूर्यभानजी तणतणत आले. "मोतीराम फोनवर फोन करून राहिला!"

तेवढ्यात अब्बांचा फोन आला. "बेटा, सुबह ही सब ने डबल मार दिया. अब बोलते मत मारो? फूल झड़ रहे हैं. तूने ही भेजा था ना?"

उज्माला रडू फुटत होतं, पण त्याहून जास्त संताप येत होता.

"अब्बा, पहले झाडों पे पानी मारो. सबको बोलो." मग तिने फोन सूर्यभानजींच्या हातात कोंबला. "घ्या. तुमच्या घरच्या लोकायनं काय केलं, ते तुमीच सांगा त्याइले."

सूर्यभानजींनी फोन कानाला लावला नाही. आतून अब्बा विचारत राहिले, "बेटा? बेटा, तूने ही भेजा था ना?"