चहा गरम, तोवर आपला मुलूख

मित्रांनो, माझं पोट काचेचं आहे. आत काचेच्या दोन भिंती आणि त्या दोन भिंतींच्या मधे काहीच नाही, हवासुद्धा नाही. त्या काही नसण्यातच माझी सगळी करामत आहे. बाहेरून मात्र मी एक साधा, जुना, निळ्या पत्र्याचा थर्मास आहे. तळाजवळ पोचा आलेला आणि कडीला दोरा गुंडाळलेला.

माझी काच एका कारागिराने भट्टीसमोर घाम गाळत घडवली. माझ्या रांगेतले दोघे तपासणीतच तडकले. मी टिकलो आणि भांड्यांच्या दुकानात वरच्या फळीवर जाऊन बसलो. तिथून मला एका शिंप्याच्या बायकोने खाली उतरवून घेतलं. तिने मला कानाशी धरून हलवलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, "वहिनी, नारळ नाही तो."

"माहीत आहे. आत काही फुटलंय का ते ऐकतेय. माणसाचं असं ऐकून कळत नाही, वस्तूचं कळतं."

तिचा नवरा गावातला नावाजलेला शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. सहा दिवस ते मशीनवर वाकलेले असत आणि सातवा दिवस झोपून काढत. लांबलांबचे लोक बस भरभरून जवळचा किल्ला पाहायला येत. कुणाचं बटण तुटलं, कुणाची शिवण उसवली, की ते मास्तरांच्या दुकानात शिरत आणि किल्ल्याचं तोंडभरून कौतुक करत. मास्तर मान डोलवत. त्यांनी स्वतः किल्ला पाहिलाच नव्हता.

"अहो मास्तर," बाई एकदा म्हणाल्या, "साऱ्या जगाची मापं घेता. आपल्या मुलखाचं माप कधी घेणार?"

"मुलूख कुठे पळून जातोय?"

"तो नाही जात. आपण जातो."

मग बाईंनीच नियम केला. सकाळी घरी माझ्यात चहा भरायचा. जिथे पोचून तो ओतल्यावर कपातून वाफ निघेल, तिथपर्यंत आपला मुलूख. वाफ निघाली नाही, तर ती जागा मोजायची नाही, पुन्हा जायचं.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. आधी किल्ला झाला. मग नदीवरचा जुना दगडी पूल झाला. त्याच्या कमानी मास्तरांनी बोटाने मोजल्या आणि म्हणाले, "शिवण बघ, एक टाका चुकलेला नाही." दीपगृह झालं. तळ्यातल्या बेटावर एका बदकाने मास्तरांची विजार ओढून फाडली. तिथेच दगडावर बसून त्यांनी ती शिवली आणि बाई हसून हसून चहा सांडत राहिल्या. माझ्या झाकणाचा मोठा कप मास्तरांचा आणि आतला छोटा कप बाईंचा. लेक लहान होती तोवर दोन्ही कपांतला शेवटचा घोट तिचा. दुकानात कुणी माझी चौकशी केली, तर मास्तर ऐटीत सांगत, "आमच्या घरचा वाटाड्या आहे तो."

मग लेक मोठी झाली, सासरी गेली. राहिलं होतं एकच ठिकाण, खाडीच्या तोंडाशी असलेलं बेट. त्याच्यावर जुनी तटबंदी आहे आणि दगडात कोरलेलं गोड्या पाण्याचं टाकं आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा ओहोटी लागली आणि होडी वाळूवर अडकून बसली.

"किती वेळ?" मास्तरांनी विचारलं.

"समुद्राला शिट्टी मारून बोलावता येत नाही, मास्तर," नावाडी म्हणाला. "येईल तेव्हा येईल."

बेटावर पोचेपर्यंत दुपार कलली. चहा ओतला, तर वाफेचा पत्ता नाही.

"नाही मोजायचं," बाई म्हणाल्या.

"अगं, पाहिलं की सगळं! तट पाहिला, टाकं पाहिलं, पायाचे तुकडे पडले!"

"चहा थंड आहे."

मास्तर कुरकुरले, पण परतीच्या होडीत त्यांनीच नावाड्याला भरतीच्या वेळा विचारून घेतल्या.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा निघालो. धक्क्यापर्यंत गेलो आणि बाईंना धाप लागली. होडी समोर उभी होती. तरीही मास्तर म्हणाले, "चल घरी." त्या दिवशी माझं बूच उघडलंच नाही. घरी आल्यावर मास्तरांनी मला तसाच फळीवर ठेवला आणि बाईंना घेऊन दवाखान्यात गेले. बाई परत आल्या नाहीत.

दहा महिने तो चहा माझ्या पोटात होता. त्याचं काय झालं असेल ते सांगत नाही. लेक घर आवरायला आली, तिने बूच काढलं आणि नाकाला पदर लावला.

"बाबा, हा टाकून द्या. मी स्टीलचा नवा आणते. चोवीस तास गरम ठेवतो."

"चोवीस तासांत माणूस परदेशात पोचेल. तो काय आपला मुलूख?"

मास्तरांनी मला स्वतः धुतलं. सोडा टाकून, गरम पाण्याने, तीन दिवस. चौथ्या दिवशी माझ्या पोटातून कसलाच वास येईना. तो शनिवार होता. रविवारी पहाटे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चहा करून माझ्यात भरला आणि आम्ही दोघंच बेटावर गेलो. भरती वेळेवर होती, होडी वेळेवर होती. मास्तरांनी तटावर बसून कप भरला.

वाफ नव्हती.

त्यांनी कपाला हात लावून पाहिला, बूच तपासलं, मला उन्हात धरून निरखलं. मग तो कोमट चहा हळूहळू संपवला. घरी येऊन ते म्हणाले, "संपला बिचारा," आणि मला दाराशी, रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. माझ्याशिवाय बेट मोजायचं कसं? बाईंचं राहिलेलं एकच काम, तेही राहणार, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मित्रांनो, काय चुकलं ते मला ठाऊक होतं. पण मला तोंड असलं, तरी त्यातून फक्त चहाच निघतो.

पुढच्या शनिवारी लेक आली. रद्दीवर मला बघून थांबली.

"चहा कसा भरला होता, बाबा?"

"जसा भरतात तसा. उकळला, गाळला, ओतला."

"आणि त्याआधी पाणी?"

"कसलं पाणी?"

"आई आधी यात उकळतं पाणी भरून बूच लावून ठेवायची. आतली काच तापली, की ते ओतून द्यायची आणि मग चहा. गार काचेत भरला तर चहाची निम्मी ऊब काचच खाते. मलाही लहानपणी वाटायचं, ती नुसता धुतेय."

"तीस वर्षं मला दिसलं कसं नाही?"

"तुम्ही तेव्हा दाढी करत असायचात."

 मास्तरांनी मला रद्दीवरून उचललं आणि बाहीने पुसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. ते ओट्याशी उभे राहिले, उकळतं पाणी माझ्यात भरलं आणि बूच लावून माझ्यावर हात ठेवून वाट पाहिली. लेक सोबत होती. बस झाली, होडी झाली, तटाच्या पायऱ्या झाल्या. मास्तरांनी कप भरला आणि तोंडाशी नेला. त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. त्यांनी त्या पुसल्या नाहीत.

"मोजलं," ते म्हणाले.

"झाला ना मग सगळा मुलूख?" लेकीने डोळे टिपत विचारलं.

मास्तर तटापलीकडे बघत होते. लांब पाण्यात एक काळा ठिपका होता. उतरल्यावर त्यांनी नावाड्याला गाठलं.

"ते पलीकडे काय आहे?"

"तिथे काही नाही, मास्तर. नुसते पक्षी."

"तिथवर चहा गरम राहील का?"

"भरती साधली तर राहील."

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा तुमच्या घरीही असेल. चहा भरण्याआधी त्याला उकळत्या पाण्याने तापवा. काम झालं की त्याच दिवशी धुवा आणि बूच उघडं ठेवून वाळू द्या. कालचा चहा आत कोंडून ठेवू नका. घरातलं माणूस तुमच्यासाठी सकाळी काय काय करतं, ते एकदा शेजारी उभं राहून बघा. आणि जवळचं ठिकाण "कधीही बघू" म्हणून सोडू नका.

आता मला थांबलं पाहिजे. आज रविवार आहे, आणि मास्तरांनी पाणी उकळायला ठेवलंय.